कथाकाराची उमेदवारी आणि निवेदकाची भाषा : वाळवा तालुक्याच्या निमित्ताने

कथालेखक होऊ पाहणाऱ्या तरुणाची पहिली समजूत बहुधा अशी असते की, अनुभव आपल्याजवळ आहेच. उणीव आहे ती केवळ लेखनकौशल्याची. खेड्यातून येणाऱ्या लेखकाच्या बाबतीत ह्या समजुतीला समीक्षकांनीही पुष्कळ खतपाणी घातले आहे. त्याच्यापाशी अस्सल जीवन आहे, ते त्याने प्रामाणिकपणे मांडावे, म्हणजे साहित्य आपोआप निर्माण होईल, असा उपदेश त्याला वारंवार ऐकावयास मिळतो. वस्तुतः अनुभव आणि कथा ह्यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट उभी असते. ती म्हणजे सांगणारा. हा सांगणारा कोण, तो कोणत्या भाषेत बोलतो आणि त्याचे बोलणे ऐकून घेण्यास कोण तयार आहे, ह्या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून अनुभवाची कथा होत नाही. संपादकाची पसंती, प्रकाशकाचा व्यवहार, मानधन, वाचकवर्ग ह्या ज्या गोष्टींना आपण लेखनाबाहेरच्या अडचणी म्हणतो, त्याही पाहू गेल्यास ह्याच प्रश्नांना जोडलेल्या आढळतात.

ह्या दृष्टीने आष्टा आणि त्याभोवतालचा मुलूख अभ्यासास विशेष सोयीचा आहे. सांगलीहून इस्लामपूरकडे जाताना लागणारे आष्टा वाळवा तालुक्याच्या पूर्व भागात येते. हा तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यालाच सांगली हे नाव मिळाले. ह्याच तालुक्यातील वाटेगाव येथे १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णा भाऊ साठे जन्मले. सांगली शहर हे वि. स. खांडेकरांचे जन्मगाव (१८९८), आणि जिल्ह्याच्या कोरड्या उत्तर-पूर्व भागातील माडगूळ हे व्यंकटेश माडगूळकरांचे. तीन अगदी भिन्न प्रकृतींचे कथाकार एकाच जिल्ह्याने द्यावेत, ही गोष्ट मौजेची आहे. परंतु तेवढ्यावरून मातीचा गुण वगैरे भाषा करणे व्यर्थ होय. तिघांनी निवेदकाचा प्रश्न तीन निराळ्या रीतींनी सोडविला, आणि प्रत्येकाला त्याची निराळी किंमत द्यावी लागली, हे अधिक महत्त्वाचे.

प्रथम बोलीकडे पाहू. आष्ट्याच्या बाजारात कानावर पडणारी मराठी आणि छापील मराठी ह्यांतील अंतर केवळ शब्दांचे नाही. 'लई', 'व्हय', 'न्हाई', 'हितं', 'कवा' हे शब्द तर ग्रामीण चित्रपटांमुळे पुण्यामुंबईच्या माणसालाही ठाऊक झाले आहेत, आणि कथेत गावरान रंग भरावयाचा असला की नवखा लेखक प्रथम त्यांच्याकडेच वळतो. खरे अंतर व्याकरणात आहे. 'गेलो होतो' ह्या संयुक्त रूपाचे येथे 'गेलतो' होते, 'आला होतास' ह्याचे 'आलतास'. 'करीत आहे' ह्याच्या जागी 'करायलाय' येते. 'त्यांना' ऐवजी 'त्यास्नी' ऐकू येते. आणि सर्वांत लक्षणीय म्हणजे सांगली-कोल्हापूरकडील अनेक स्त्रिया स्वतःविषयी बोलताना 'मी येतो', 'मी गेलो' अशी रूपे योजतात. प्रमाण मराठीच्या कानाला ही रूपे पुल्लिंगी वाटतात. ह्या बोलीत मात्र प्रथमपुरुषी क्रियापदाने कर्त्याचे लिंग दाखविलेच पाहिजे, अशी सक्ती नाही. म्हणजे ही चूक नव्हे, निराळी व्यवस्था आहे. परंतु कथेतील सासुरवाशीण 'मी म्हायेराला गेलतो' असे म्हणाली, तर मुद्रितशोधक ते वाक्य खुणेने अडवितो आणि दूरचा वाचक मागचे पान उलटून बोलणारा कोण हे पुन्हा पाहतो. नवा लेखक काय करतो? तो 'गेलते' असे लिहून मोकळा होतो, आणि त्या क्षणी त्याच्या कथेतील स्त्री कोणत्याच गावाची उरत नाही.

लेखनाचे नियमही येथे अर्ध्या वाटेपर्यंतच साथ देतात. शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेल्या आणि १९७२ मध्ये भर पडून अठरा झालेल्या नियमांत पात्राच्या तोंडी येणाऱ्या बोलीला उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मुभा आहे. ही मुभा उदार खरी. परंतु ती अवतरणचिन्हाच्या आतली आहे. चिन्ह मिटले की निवेदक पुन्हा प्रमाण भाषेच्या ताब्यात जातो. ह्या नियमाने नकळत एक सामाजिक रचनाच कायम केली असे म्हणावयास हरकत नाही : बोली बोलणारा तो पात्र, आणि प्रमाण बोलणारा तो लेखक. आष्ट्याच्या विद्यार्थ्याने लेखक व्हावयाचे म्हणजे आपल्याच घरातील माणसांशी असलेले नाते अवतरणचिन्हापलीकडून सांभाळावयाचे, असा त्याचा अर्थ होतो.

खांडेकरांच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवलाच नाही. शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ पर्यंत शिक्षक म्हणून राहिलेल्या ह्या लेखकाचा निवेदक सुशिक्षित, चिंतनशील आणि अलंकारप्रिय आहे. तो कोणत्याही गावचा नाही आणि तसा असण्याची त्याला गरजही नाही. 'ययाति' (१९५९) मध्ये तर कथाच पुराणकाळात गेली. त्या कादंबरीला साहित्य अकादमीचे आणि पुढे १९७४ चे ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले. खांडेकरांचे गद्य आवडणे न आवडणे हा रुचीचा प्रश्न आहे. येथे त्यांचा उल्लेख करावयाचा तो दुसऱ्या कारणासाठी : ह्या गद्याने दोन पिढ्यांच्या वाचकांना 'वाङ्मयीन मराठी' म्हणजे काय, हे शिकविले, आणि त्या वाचकांत वाटेगावहून मुंबईस गेलेला एक गिरणी कामगारही होता.

त्याच १९५९ साली 'फकिरा' प्रसिद्ध झाली, आणि तिला प्रस्तावना लिहिली ती खांडेकरांनीच. ह्या योगायोगाकडे समीक्षेने दिले तितके लक्ष पुरेसे नाही. एकाच जिल्ह्यातले दोन लेखक. एक साठीत आलेला आणि प्रतिष्ठित, दुसरा चाळिशीच्या आतला आणि शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेला. अण्णा भाऊंच्या दीड दिवसाच्या शाळेची हकीकत नेहमी सांगितली जाते. कौतुकाच्या सुरात सांगितलेली ही हकीकत एका अर्थी दिशाभूल करणारी आहे. तिच्यामुळे असे वाटते की, शिक्षण नसताना प्रतिभेच्या बळावर एकदम कादंबरी अवतरली. प्रत्यक्षात 'फकिरा'च्या मागे दीर्घ उमेदवारी आहे. कुटुंबाबरोबर मुंबईस आल्यावर मिळेल ती मोलमजुरी, गिरणीतील काम, कम्युनिस्ट चळवळीतील वावर, आणि १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर ह्यांच्यासह उभारलेले लाल बावटा कलापथक; हा सारा काळ लेखनापासून दूर गेलेला काळ नव्हे. पोवाडा, लावणी आणि लोकनाट्य ह्यांनी ह्या लेखकाला जे शिकविले ते कोणत्याही वर्गात शिकविले जात नाही : समोरचा समुदाय कोठे चुळबुळ करू लागतो, प्रसंग कोठे तोडावा, नायकाला रंगभूमीवर केव्हा आणावे. 'फकिरा'तील प्रकरणे ज्या वेगाने उघडतात, तो वेग कादंबरीवाचनातून आलेला नाही, फडावरून आलेला आहे.

मात्र भाषा फडावरून आली नाही. पात्रे बोलू लागतात तेव्हा कमीअधिक प्रमाणात बोली डोकावते. निवेदन मात्र प्रौढ, वर्णनपर आणि जागोजागी उपमांनी नटलेले असे ग्रंथिक मराठीतले आहे. ह्यावरून ह्या लेखकावर दोन परस्परविरोधी आक्षेप घेतले जातात. एक असा की, त्याने रंजनप्रधान कादंबरीची भाषा उसनी घेतली. दुसरा असा की, स्वतःच्या समाजाची जिवंत बोली हाताशी असताना त्याने ती निवेदनात आणली नाही. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे; परंतु दोहोंनाही एक गोष्ट दिसत नाही.

'फकिरा'ची कथा कोणाची आहे? इंग्रजी अमदानीत ज्या समाजातील माणसांना गुन्हेगार ठरवून चावडीवर हजेरीस उभे केले जाई, त्या मातंग समाजातील एका वीराची. शिगावच्या जोगिणीचा प्रसंग घ्या. त्या नावाचे गाव आष्ट्याहून जवळच, वारणेच्या बाजूला आहे. म्हणजे आष्ट्याच्या वाचकाला ही भूमी पायाखालची. आपल्या गावाच्या मानासाठी राणोजी तेथे जातो, जोगिणी मिळवितो आणि प्राण गमावतो. पुढे त्याचा मुलगा दुष्काळात माणसे जगविण्यासाठी धान्य आणि खजिना लुटतो, आणि आपल्या माणसांवरील संकट टाळण्यासाठी स्वतः सरकारच्या स्वाधीन होतो. ह्या व्यक्तींचा उल्लेख त्यापूर्वी सरकारी दप्तरात आला तो आरोपी म्हणून. गावच्या आठवणीत आला तो बोलीतून आणि पोवाड्यातून. मराठी गद्यात धीरोदात्त भाषा राखून ठेवली होती ती हरिभाऊ आपटे आणि नाथमाधव ह्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतील सरदारांसाठी. अण्णा भाऊंनी ती भाषा उचलून हजेरीतल्या माणसाला दिली. तीच कथा बोलीतून सांगितली असती तर तत्कालीन वाचकाने तिला एक गमतीदार किंवा करुण ग्रामीण चित्र मानले असते. शोकांतिका मानले नसते. त्या काळी मध्यमवर्गीय वाचकाच्या मनात बोलीला विनोदाची जागा होती, गांभीर्याची नव्हती. तेव्हा येथील ग्रंथिक निवेदन हे अज्ञान नव्हे आणि अनुकरणही नव्हे. तो एक हक्क सांगण्याचा प्रकार आहे. कादंबरीला १९६१ मध्ये राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले, ह्यात ह्या निवडीचा वाटा नव्हता असे म्हणता येणार नाही.

ह्याचा अर्थ अण्णा भाऊंचे सर्वच लेखन ह्या युक्तिवादाने तारून न्यावे असा नाही. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, शिवाय कथा, नाट्ये, प्रवासवर्णन, आणि आयुष्य अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे. लेखणीवर घर चालवावयाचे असले म्हणजे पुनरावृत्ती टळत नाही. पुढच्या अनेक कादंबऱ्यांत तीच प्रेमकथा, तोच खलपुरुष, तेच शेवटचे द्वंद्व नावे बदलून येते. आणि 'फकिरा'त हक्क म्हणून आलेली भाषा तेथे केवळ सवय म्हणून उरते. त्याउलट 'स्मशानातील सोनं' सारख्या कथेत, जेथे पोटासाठी राख चाळणारा माणूस हा विषयच अलंकाराला जवळ येऊ देत नाही, तेथे निवेदन उघडे आणि कठोर होते. लेखक ती भाषाही जाणत होता, हे त्यावरून सिद्ध होते. ती सतत वापरावयास जी सवड लागते ती त्याच्यापाशी नव्हती.

सवडीचा हा मुद्दा वाङ्मयबाह्य म्हणून बाजूस सारता येत नाही. 'वैजयंता'वर १९६१ मध्ये चित्रपट निघाला, 'फकिरा'वरही निघाला, आणखी काही कादंबऱ्यांवर निघाले. आणि लेखक घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहत होता. १८ जुलै १९६९ रोजी त्याचा अंत झाला. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्याच्या निवडक वाङ्मयाचा ग्रंथ काढला तो १९९८ मध्ये. मराठीत कथा-कादंबरीची आवृत्ती बहुधा हजार-अकराशे प्रतींची, आणि तिचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे वाचनालये; हे गणित लक्षात घेतले म्हणजे केवळ लेखनावर जगू पाहणाऱ्याला वाचनालयाच्या फळीवर ओळखीचे वाटेल असेच पुस्तक का लिहावे लागते, हे निराळे सांगावयास नको.

व्यंकटेश माडगूळकरांनी काढलेला मार्ग निराळा होता. त्यांचेही शालेय शिक्षण अर्धवट राहिले. 'माणदेशी माणसं' १९४९ मध्ये पुस्तकरूपाने आली. 'बनगरवाडी' १९५५ मध्ये. ह्या कादंबरीत निवेदक कोण? औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर नेमलेला एक कोवळा शाळामास्तर. ही योजना वरवर साधी दिसते; परंतु भाषेच्या दृष्टीने तिच्याइतकी नेमकी योजना त्या काळच्या मराठी कादंबरीत क्वचितच सापडेल. मास्तर शिकलेला आहे, म्हणून तो प्रमाण मराठीत सांगू शकतो. तो त्याच मुलखातला आहे, म्हणून त्याला कोकराची, पिकाची, पावसाची नावे ठाऊक आहेत. आणि तो वाडीला परका आहे, म्हणून वाचकाबरोबर त्यालाही एकेक गोष्ट समजून घ्यावी लागते. बोली आणि प्रमाण ह्यांतील दरी लेखकाने लपविली नाही; ती त्याने निवेदकाच्या नोकरीतच बसविली. वाक्ये आखूड झाली, विशेषणे गळाली. पण ह्या योजनेचीही मर्यादा आहे. मास्तर वाडीत येतो, आणि वाडी दुष्काळाने उठते तेव्हा तो निघून जातो. वाडीतून कोणी वाडीची गोष्ट सांगत नाही.

माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार ह्यांच्या कथाकथनाने पुढे गावोगावचे श्रोते जिंकले, त्याचे एक कारण भाषाशास्त्रीय आहे. कथा ऐकविताना लेखनाचे नियम, मुद्रितशोधक आणि अवतरणचिन्ह ही तिन्ही विघ्ने दूर होतात. स्वर, लय आणि हेल ह्यांतून बोली थेट कानी पडते, आणि निवेदकाचा आवाज पात्राच्या आवाजात सहज मिसळतो. छापील पानावर हेच मिश्रण जमविणे किती अवघड, हे ज्याने त्या कथा ऐकल्या आणि मग वाचल्या त्याला पटेल. हशा अधिक मिळतो तिकडे कथा अधिक झुकते, हा ह्या यशाचा दुसरा परिणाम. बोलीला विनोदाची जागा देण्याची जुनी सवय त्याने मोडली नाही, उलट काहीशी पक्की केली.

निवेदनच बोलीत आणण्याचे धाडस शेजारच्या कागलच्या आनंद यादवांनी 'गोतावळा' (१९७१) मध्ये केले. शेतावर राबणारा नारबा अथपासून इतिपर्यंत स्वतःच बोलतो. अमेरिकन कादंबरीत मार्क ट्वेनने हकलबेरी फिन ह्या पोराला १८८४ साली जे स्वातंत्र्य दिले, किंवा हिंदीत रेणूंनी 'मैला आँचल'मध्ये १९५४ साली अंचलाच्या बोलीला जी जागा करून दिली, त्यांच्या जातीचे हे पाऊल होते. मराठी कादंबरीच्या इतिहासात त्याचे मोल निर्विवाद आहे. तथापि एक गोष्ट नोंदविणे आवश्यक वाटते. 'गोतावळा'चा लेखक मराठीचा प्राध्यापक होता. पुस्तक खपले नाही तरी त्याची चूल विझणार नव्हती. पुस्तक दुर्बोध ठरले तरी ते समजून घेणारा एक वर्ग, अक्षरशः वर्ग, त्याच्यापुढे होता. माडगूळकरांना आकाशवाणी होती, खांडेकरांना शाळा होती. अण्णा भाऊंच्या पाठीशी ह्यांपैकी काहीच नव्हते. बोलीतील निवेदक हा महाग निवेदक आहे. तो परवडण्यास पगार लागतो, निदान तोपर्यंत तरी लागला. ज्या लेखकाचा समाज बोलीच्या सर्वांत निकट होता त्यालाच ग्रंथिक मराठी वापरावी लागली, आणि ज्यांनी बोलीला प्रतिष्ठा मिळवून दिली त्यांचे पाय प्रमाण मराठीच्या संस्थांत रोवलेले होते. हा विरोध केवळ चमत्कृती म्हणून पाहता कामा नये.

आज परिस्थिती पालटली आहे. कृष्णात खोत ह्यांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या कादंबरीतील कोल्हापुरी बोलीने कोणी दचकले नाही. उलट बोलीचाच एक नवा साचा तयार होण्याचे भय आहे. महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांतून येणाऱ्या कथा पाहिल्या म्हणजे हे ध्यानात येते. पूर्वी अशा कथांचा आरंभ सोनेरी सूर्यकिरणांनी होई. आता तो 'लई', 'गड्या', 'आरं' ह्यांच्या माळेने होतो. पहिला साचा खांडेकरी गद्याचा, दुसरा कथाकथनाच्या व्यासपीठाचा. निवेदक दोन्हीकडे उसनाच. 'गेलतो' आणि 'करायलाय' ही रूपे, जी त्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या तोंडी दिवसभर असतात, ती कथेत फारशी येत नाहीत. कारण ती त्याला बोली वाटतच नाहीत, नुसते बोलणे वाटते.

आणि स्त्री-निवेदकाचा प्रश्न अद्याप उभाच आहे. 'गोतावळा'चा नारबा पुरुष असल्यामुळे तो तेथे निर्माण झाला नाही. 'बनगरवाडी'चा मास्तर, 'फकिरा'चा सर्वसाक्षी निवेदक ह्यांच्या बाबतीतही नाही. परंतु आष्ट्याची एखादी विद्यार्थिनी आपल्या आईच्या, आजीच्या तोंडची भाषा घेऊन प्रथमपुरुषी कादंबरी लिहावयास बसली, तर पहिल्याच वाक्यात तिला ठरवावे लागेल : 'मी गेलो' लिहावे की 'मी गेले'? पहिले लिहिले तर अनोळखी वाचक पानभर तिला पुरुष समजत राहील. दुसरे लिहिले तर घरातली आजी म्हणेल, अशी कोण बोलतं गं आपल्यात. तिच्या हस्तलिखितावर संपादकाची पहिली लाल खूण पडेल ती बहुधा ह्याच ओकारावर. ती खूण मान्य करावयाची की समासात 'असेच ठेवावे' असे लिहून पान परत पाठवावयाचे, हे तिचे तिलाच ठरवावे लागेल. मराठी कादंबरीतील आजवरचे निवेदक तिला ह्या कामी फारसे उपयोगी पडणार नाहीत.